लीकाका आणि इंग्रजीची शेपटं

लोणावळ्यात सकाळी फिरायला निघालेला माणूस खिशात काय ठेवतो? रुमाल, घराची किल्ली, फार तर कुत्र्यांसाठी दोन बिस्किटं. आमच्या भांगरवाडीतले दत्तूभाऊ दाढीचं ब्लेड ठेवतात. अर्ध्यात मोडलेलं, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं. दचकू नका. माणूस इतका गरीब, की झुरळ आडवं आलं तरी "जा बाबा आधी तू" म्हणून वाट देईल. ब्लेड आहे ते इंग्रजी शब्दांची शेपटं कापायला.

शेपूट म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारीचं डोकं फिरलं. इंग्रजीत संथ म्हणजे स्लो. गाडी संथ असली तर ती स्लो, पण ती चालते कशी, तर स्लोली. शब्दाच्या पाठीमागे एल आणि वाय ही दोन अक्षरं लागली, की तो काम कसं झालं ते सांगायला लागतो. आपल्याकडे याला क्रियाविशेषण म्हणतात. मला हे सगळं पासष्टी उलटल्यावर कळलं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं इंग्रजी मी चिक्कीच्या खोक्यांवरून, स्टेशनातल्या पाट्यांवरून आणि पाहुण्यांच्या तोंडून वेचलं. आणि मग दत्तूभाऊ शेजारी राहायला आले.

या 'ली'च्या वेडापायी सगळी गल्ली त्यांना लीकाका म्हणते. नवीन पोस्टमन आला, तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मावशी, ते चिनी गृहस्थ कुठे राहतात?"

चिनी कसले! मूळचे वडिवळ्याचे, कामशेतच्या पलीकडचे, भातशेतीवाल्यांचे. देहूरोडला डेपोत कारकून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मूलबाळ नाही. बायको गेली, तेव्हापासून एकटेच. बोलताना दर वाक्याला समोरच्याला अडवायची त्यांना खोड आहे. "कसं? हाऊ?" असं विचारायचं. क्रियापद दिसलं की त्याचं क्रियाविशेषण शोधायचं, म्हणजे सवय राहते म्हणे.

"भाऊ, दूध उतू गेलं हो!"

"कसं? हाऊ? क्विकली की स्लोली?"

"तुमच्याशी बोलत बसले होते, तसं गेलं."

ब्लेडवरून एकदा त्यांना चौकीत नेलं होतं, तेही सांगते. स्टेशनच्या चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, आणि त्याच्या गळ्याशी मोठ्या अक्षरांत 'हार्टली वेलकम'. आता हे हार्टली दत्तूभाऊंना चपलेतल्या खड्यासारखं टोचतं. ते म्हणतात, हार्टली म्हणून शब्दच नाही, हार्टी म्हणा. म्हणजे मधलं एक एल काढलं की झालं. तर हे गृहस्थ सकाळी साडेसहाला स्टुलावर चढले आणि ते एल चौकोनी कापून काढायला लागले. खालून बघणाऱ्या कार्यकर्त्यांना काय दिसलं, तर एक म्हातारा साहेबांच्या गळ्यावर ब्लेड फिरवतोय.

मला निरोप आला तशी मी चपला घालून धावले. चौकीत दत्तूभाऊ बाकावर ताठ बसलेले, समोर इन्स्पेक्टर कपाळाला हात लावून.

"काका, एकदाच सांगा. का कापलं?"

"साहेब, वेलकम हे इथं नाम आहे. नामाआधी विशेषण लावतात. क्रियाविशेषण लावलं की ते लटकतं."

"आणि तुम्ही ब्लेड घेऊन फिरता?"

"एल बारीक असतं. कात्री जात नाही."

मी मध्ये पडले, म्हटलं, साहेब, यांची जबाबदारी माझी. सोडलं बिचाऱ्यांनी. पण आम्ही दारातून बाहेर पडत होतो, तेवढ्यात इन्स्पेक्टरांनी ड्रॉवरमधून स्वतःचा बदलीचा अर्ज काढला आणि म्हणाले, "काका, आलाच आहात तर हा जरा बघता का?" अर्ध्या तासानं आम्ही बाहेर पडलो. अर्जातून चार शेपटं गेली होती.

माझी त्यांची गट्टी जमली ती पाटीवरून. मी आणि माझी सून मिळून घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. शनिवार-रविवारी लोक कुठूनही येऊन फाटकासमोर गाड्या लावतात, म्हणून सुनेनं इंग्रजीत पाटी रंगवून घेतली. 'गेस्ट्स कॅन ओन्ली पार्क हिअर.' दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली.

"इंदूताई, तुमचे पाहुणे जेवतात कुठे?"

"माझ्याकडेच की."

"झोपतात?"

"भाऊ, बरं आहे ना तुम्हाला?"

"मला बरं आहे. पण तुमची पाटी म्हणते, पाहुण्यांनी इथं फक्त गाडी लावायची. जेवायचं नाही, झोपायचं नाही, अंघोळ नाही. गाडी लावायची आणि काचा वर करून आत बसायचं."

मग पायरीवर बसून त्यांनी मला समजावलं, ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "आपल्या मराठीतला 'च' बघा. इंदूताईनंच चहा केला, म्हणजे सुनेनं नाही केला. इंदूताईनं चहाच केला, म्हणजे पोहे नाही केले. इंदूताईनं चहा केलाच, म्हणजे नको म्हटलं तरी केला. आपला 'च' शहाणा. ज्याला चिकटला त्याचा झाला. इंग्रजीतलं ओन्ली म्हणजे दावं सुटलेलं वासरू. वाक्यात कुठेही जाऊन उभं राहतं. त्याला कानाला धरून आणायचं आणि ज्याचं त्याच्या शेजारी बांधायचं. ओन्ली गेस्ट्स कॅन पार्क हिअर. पाहुण्यांनीच."

मी म्हटलं, "पोहे पाहिजेत असं सरळ सांगायचं होतं की."

त्या दिवसापासून दुपारी एक तास माझी शिकवणी सुरू झाली. पाहुणे गेले की फोनवर अभिप्राय लिहितात, आणि त्याला आपण उत्तर द्यायचं असतं. आधी सून द्यायची, पण तिला वेळ नसतो. मग मीच द्यायला लागले. कुणीतरी लिहिलं होतं, जेवण चांगलं होतं. मी उत्तर टाकलं, 'व्हेरी व्हेरी थँक्स, प्लीज कम अगेन क्विकली.'

दत्तूभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. "क्विकली या, म्हणजे धावत या. तुम्हाला म्हणायचंय लवकर या. सून म्हणा."

"सुनेला मध्ये कशाला आणता?"

"सून म्हणजे लवकर हो! सूनला शेपूट नाही. ते बिनशेपटीचंच क्रियाविशेषण आहे."

आतून माझी सून ओरडली, "कोणाला म्हणताय बिनशेपटीची?"

'व्हेरी'वर तर त्यांचा विशेष राग. म्हणायचे, "व्हेरी म्हणजे ताकात ओतलेलं पाणी. तांब्या भरलेला दिसतो, चव जाते. आमटी व्हेरी टेस्टी होती असं लिहू नका. पाहुण्यांनी तीनदा आमटी मागितली असं लिहा." मी तसं लिहिलं. पुढच्या महिन्यात तीन कुटुंबं नुसती आमटी विचारत आली.

फोनशी त्यांचं भांडण वेगळंच. फोन पुढचा शब्द आपणहून सुचवतो ना, ते त्यांना खपत नाही. "मी सिन्सिअर लिहिलं, यानं सिन्सिअरली केलं. न विचारता शेपूट! सासरा आहे का माझा?"

एकट्याचा स्वयंपाक तो कितीसा, म्हणून मी त्यांना रोज भाजी-आमटीचा डबा पाठवायची. डबा परत येताना त्यात चिठ्ठी असायची. एकदा आली, 'आमटी वॉज नीअरली परफेक्ट.' नीअर म्हणजे जवळ हे मला ठाऊक. मला वाटलं, आमटी त्यांच्या अगदी जिवाजवळची झाली. मी ती चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली, चार जणींना दाखवली. आठवड्यानं शिकवणीत कळलं, की नीअरली म्हणजे थोडक्यात हुकली. पुढचे आठ दिवस मी त्यांना नुसती उसळ पाठवली.

पण डबा कधी रिकामा परत यायचा नाही. चिठ्ठीखाली तांदूळ असायचे. वडिवळ्याचा इंद्रायणी, शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जावा असा. त्यांचा धाकटा भाऊ शिवराम दर वर्षी भात झोडपून, भरडून झाला की एक पोतं आणून टाकायचा, आणि दत्तूभाऊ ते सगळं गल्लीत वाटून टाकायचे. स्वतः खायचे भाकरी. विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरांनी भात बंद केलाय." मी मान डोलवायची. पण स्टेशनासमोर इडली खाताना मी त्यांना दोनदा पाहिलं होतं, आणि इडली काही ज्वारीची नसते.

त्यांची एक वही आहे, कापडी पुठ्ठ्याची, एबीसीडीच्या क्रमानं लावलेली. एका पानावर दोनच शब्द. एक बिनशेपटीचा, एक शेपटीचा. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे हल्ली. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे फार. म्हणायचे, "शेपूट लावलं की काही शब्द त्याच घरात राहत नाहीत, इंदूताई. दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतात. म्हणून लावायच्या आधी विचारायचं, बाबा, तू कुठे जाणार आहेस?" रोज एक पान व्हायचं. पण एच या अक्षरापाशी वही फुगलेली होती. पानात कसलासा कागद घडी घालून ठेवलेला. तिथं आलो की दत्तूभाऊ दोन पानं एकदम उलटायचे.

"हे राहिलं की, भाऊ."

"हे नंतर."

ते नंतर दोन वर्षं आलं नाही. आलं ते गेल्या मार्गशीर्षात.

शुक्रवारची दुपार होती. आम्ही दत्तूभाऊंच्या पडवीत वही घेऊन बसलो होतो, आणि त्यांचे धाकटे भाऊ, शिवाभाऊ, आले. सत्तरीला टेकलेला माणूस, पण खांद्यावर तांदळाचं पोतं असं, जणू उपरणं टाकलंय. बरोबर त्यांची नात सायली. सायलीचं नाव दत्तूभाऊंनीच ठेवलेलं. "जगातली एवढी एकच ली मी कापणार नाही," असं ते तिच्या बारशाला म्हणाले होते म्हणे, आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

शिवाभाऊ घाम पुसत म्हणाले, "दादा, पोरीला हितल्या मोठ्या हाटेलात घेत्यात. डोंगराकडंच्या. पर वळखीच्या जाणत्या मानसाचं पत्र पायजे म्हंत्यात. इंग्रजीत. पोरगी काम कशी करती, ते लिवायचं. सोमवारी द्यायचंय."

सायली म्हणाली, "मोठे आबा, दोन ओळी दिल्या तरी चालतील. पण पत्र नसेल तर ते अर्जच घेत नाहीत. दोनच जागा आहेत."

मला वाटलं, आता हे आनंदानं उडी मारतील. कपाटातून चांगला कागद काढतील. दत्तूभाऊंनी वही मिटली.

"मी नाही लिहिणार."

"आं?"

"दुसऱ्या कुणाकडून घे. कॉलेजातल्या मास्तरांकडून घे."

शिवाभाऊ हसले. त्यांना थट्टा वाटली. "आरं, आख्ख्या लोनावळ्याचं तू लिवतूस. पोलिसाचं लिवलंस म्हनं. आन आपल्या पोरीचं न्हाई?"

"एकदा सांगितलं ना. नाही."

शिवाभाऊंनी पोतं उचलून कोपऱ्यात नीट भिंतीला लावून ठेवलं, तोंडाची सुतळी घट्ट आहे का बघितलं. "बरं. ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तांदूळ नवा हाय. पानी जरा कमी घाल." आणि नातीला घेऊन निघून गेले. पोरीनं वळून एकदा बघितलं. पण हा माणूस वहीकडे बघत बसलेला.

मग माझी जीभ सुटली. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "गल्लीतल्या पाट्यांचा एवढा कळवळा, आणि घरच्या लेकरासाठी दोन ओळी निघेनात? वही कशाला भरलीत मग? आरती करायला?"

त्यांनी वही उघडली. एचचं ते फुगलेलं पान. वर एका बाजूला हार्ड, दुसऱ्या बाजूला हार्डली. आणि मध्ये पिवळा पडलेला कागद.

"माझे वडील लवकर गेले," दत्तूभाऊ म्हणाले. "शिवा बारा वर्षांचा होता. आई म्हणाली, एकानं शाळा सोडली पाहिजे. मी काही बोलायच्या आत तो बैलांमागे गेला. मी शिकलो ते त्याच्या जिवावर. मला नोकरी लागली, तेव्हा तळेगावकडे एका कारखान्यात माणसं घेत होते. मी म्हटलं, शिवासाठी अर्ज मी लिहिणार. गावात इंग्रजी येणारा मी एकटा ना!"

कारखान्यातून परत आलेला तो अर्जाचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी बोट ठेवून वाचलं. 'माय ब्रदर वर्क्स हार्डली फ्रॉम मॉर्निंग टू इव्हनिंग.' हार्डलीतल्या एल आणि वाय भोवती लाल पेन्सिलीचा गोल. समासात कुणा साहेबानं लिहिलेलं, 'देन व्हाय शुड वुई टेक हिम?' मग याला आम्ही का घ्यावं?

"हार्डली म्हणजे?"

"हार्ड म्हणजे कष्टानं. तेवढंच लिहिलं असतं तर झालं असतं. पण मला ते उघडंबोडकं वाटलं. क्रियाविशेषण आहे, शेपूट पाहिजे, असं वाटलं. आणि हार्डली म्हणजे जवळजवळ नाहीच. माझा भाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम करतच नाही, असं मी माझ्या हातानं, झोकदार अक्षरात लिहून दिलं."

खोटं कशाला सांगू, मला आधी हसू फुटलं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि ते गिळलं.

"शिवाभाऊंना काय सांगितलंत?"

"जागा भरल्या म्हणून सांगितलं. त्यानं कारखान्यासाठी बूट घेतले होते. काळे, नाडीचे. मला म्हणाला, असू दे दादा, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही." ते कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघत होते. "आणि दर वर्षी हा मला तांदूळ आणून घालतो. तो घास माझ्या घशाखाली उतरत नाही, इंदूताई. आता त्याच्या नातीचं मी कसं लिहू? पुन्हा माझ्या हातून एखादं अक्षर जास्त पडलं तर?"

मी म्हटलं, "भाऊ, इतकी वर्षं तुम्ही गावाची शेपटं कापत हिंडलात. हे एक घरातलं तेवढं सांभाळून ठेवलंत. रविवारी सकाळी कागद घेऊन बसा. मी समोर बसते."

रविवारी मी मेथीची जुडी घेऊन गेले. ते लिहीत होते, मी निवडत होते. त्यांनी लिहिलं सिन्सिअरली, आणि खोडलं. लिहिलं ऑनेस्टली, आणि स्वतःशीच म्हणाले, "ऑनेस्टली म्हटलं की आधीचं सगळं खोटं होतं असं वाटतं," आणि खोडलं. एक पान चुरगळलं, दोन, पाच. माझी मेथी संपली. मी घरी जाऊन लसूण आणला, तोही सोलून झाला. बारा वाजता त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. तीन वाक्यं.

'सायली इज माय ब्रदर्स ग्रँडडॉटर. शी वर्क्स हार्ड. शी लर्न्ड इट फ्रॉम हिम.'

सायली माझ्या भावाची नात. ती कष्टानं काम करते. ते ती त्याच्याकडून शिकली.

"एवढंच?"

"एवढंच."

खाली होतं, 'युअर्स फेथफुली.' मी म्हटलं, "हे शेपूट राहिलं की हो."

"ते असू दे. ते तिथं लागतं," म्हणाले आणि सही केली.

मी पदराला हात पुसले. "चला आता वडिवळ्याला. आणि तो पिवळा कागद घ्या बरोबर."

"तो कशाला?"

"त्याच्याशिवाय हा अर्धा आहे."

दुपारच्या लोकलनं कामशेत गाठलं, तिथून जीप. वाटेत 'हार्टली वेलकम'चे तीन फ्लेक्स लागले. दत्तूभाऊंनी एकाकडेही मान वर करून बघितलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. नुसता छातीवरच्या खिशावर हात ठेवून बसले होते.

शिवाभाऊ खळ्यात पेंढा रचत होते. आम्हाला बघून खाली उतरले. शुक्रवारचं काही मनात धरल्याचं दाखवलं नाही. "ये दादा. ताई, या, बसा." सायलीनं पाणी आणलं. दत्तूभाऊंनी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच पिवळा कागद पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. आईचं, बैलांचं, कारखान्याचं, जागा भरल्या हे खोटं सांगितल्याचं. हेडक्लार्क माणूस, पण वाक्य धड पुरं होईना.

शिवाभाऊंना काही कळेना. "म्हंजी? निस्तं ते ली लागलं म्हनून?"

सायलीनं कागद वाचला. हळू आवाजात म्हणाली, "आबा, याचा अर्थ तुम्ही काम करतच नाही असा होतो."

"कवा?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

शिवाभाऊ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्याला हिसका बसला. मला वाटलं, रडताहेत. हसत होते! असे हसले, की ठसका लागला, पेंढ्याचा आधार घ्यावा लागला.

"आरं दादा, मंग बरुबरच लिवलं व्हतंस की तू! तवा मी कुटं काम करीत व्हतो? आं? दिसभर नदीवर खेकडं धरीत बसायचो. त्यो सायेब लय हुशार. तितं बसून वळखलं त्यानं."

"पण आबा, तुम्ही तर तेव्हा..." सायलीनं तोंड उघडलं.

"तू गप. तुला काय म्हायीत? तू व्हतीस का तवा?" शिवाभाऊंनी कागदाची घडी घातली आणि भावाच्या खिशात परत खोचली. "आन ते बूट वाया गेलं म्हंतूस व्हय? त्या बुटात माझं लगीन झालं. कारखान्यात घासून गेलं असतं."

दत्तूभाऊ काही बोलायला गेले.

"बस आता खाली," शिवाभाऊ म्हणाले. "लय झालं. जेवून जायाचं."

सायलीला ते पत्र दिलं. तिनं वाचलं, आजोबांना मराठीत सांगितलं. तिसऱ्या वाक्याला शिवाभाऊ पेंढा सारखा करायला वर चढले, तो आधीच सारखा होता. पोरगी आता त्या हॉटेलात आहे, ते सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव अडकून राहील.

जेवायला आम्ही ओट्यावर बसलो. डाळ होती, वांगं होतं, मिरचीचा ठेचा होता आणि नव्या तांदळाचा भात, पाणी कमी घातलेला, मऊ, पण गिचका न झालेला. सायली वाढत वाढत दत्तूभाऊंच्या ताटाशी आली आणि सवयीनं थांबली. मोठे आबा भात खात नाहीत हे घरात सगळ्यांना माहीत; तरी शिवाभाऊंनी पोतं पोचवायचं कधी सोडलं नव्हतं. दत्तूभाऊंनी ताट पुढे केलं.

त्यांनी पहिला घास घेतला. डाळ न घालता, नुसता. बराच वेळ चावत राहिले. शिवाभाऊ स्वतःचं जेवण सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कसा झालाय, दादा?"

मी वाटच बघत होते. आता येणार एखादं क्रियाविशेषण, वहीतलं ठेवणीतलं, शेपटासकट. या माणसानं मला दोन वर्षं दर वाक्याला कसं, हाऊ, विचारून पिडलं होतं. आज त्यांना कुणीतरी विचारलं होतं.

दत्तूभाऊंनी खाली मान घालून ताट पुन्हा पुढे केलं. आणि शिवाभाऊ उठले, पोरीच्या हातातलं भाताचं पातेलं स्वतः घेतलं आणि किती वाढू असं न विचारता वाढत राहिले.